गाणं आजीचं, स्टुडिओ घरचा!

मुलांनो, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकलाय कधी? पहिल्यांदा ऐकला की बहुतेक जण म्हणतात, ‘‘छे! हा माझा आवाज नाहीच!’’

पण मोबाइल खोटं बोलत नाही, बरं का! आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेतून कानात जाणारी, दुसरी डोक्याच्या हाडांतून. हाडांतून आलेला आवाज जरा भरदार लागतो. मोबाइलला मात्र हवेतला आवाजच मिळतो. म्हणजे तुमचे मित्र तुमचा जो आवाज रोज ऐकतात, तोच! तेव्हा लाजू नका. दोन-चार दिवस ऐकलात की कान सरावतील.

आता प्रश्न असा, की गायचं काय? सिनेमातली गाणी तर हजारोंनी रेकॉर्ड झालेली आहेत. पण बांधीत धानाची रोवणी करताना तुमची आजी जे गाणं म्हणायची, ते कुठे आहे? चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गाण्यांना तोटा नाही. झाडीपट्टीतल्या दंडारीची गाणी आहेत, लग्नातली आहेत, रोवणीची आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोकांची रेला गाणी आहेत. यातली कितीतरी कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती फक्त माणसांच्या तोंडी आहेत. शेवटचं माणूस गेलं, की गाणंही गेलं!

जात्यावरचा ठेवा

पूर्वी घरोघरी बाई पहाटे जात्यावर बसायची. दळता दळता ओव्या म्हणायची. ऐकायला कुणी नसलं तरी म्हणायची. मग गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. दळणं थांबलं, तसं गाणंही थांबलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी ते ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून ओव्या गोळा केल्या. किती असतील? एक लाखाहून जास्त! पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या बऱ्याच ओव्या गावात जाऊन टेपवर घेतल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायला सुरुवात केली.

आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली ‘सीजीनेट स्वरा’ सुरू झालं. तिथे साध्या फोनवरून आपला निरोप किंवा गाणं रेकॉर्ड करता येई, तेही गोंडीत! गोंडी बोलणारे लोक २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. तरी वर्तमानपत्रात, टीव्हीवर ही भाषा क्वचितच दिसते. मग तिच्यातली गाणी कुणी जपायची? ज्यांच्या घरात ती आहेत त्यांनीच ना!

चला, खोली तयार करू

आधी आजीकडून गाणं नीट शिकून घ्या. मग एकटेच खोलीत बसा. एकटं असलं की चुकायची भीती वाटत नाही.

रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. आवाज घुमतो ना? उघड्या भिंतींवर आपटून तो परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. यावर उपाय घरातच आहे. समोर आणि पाठीमागे जाड गोधड्या टांगा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलात तरी चालेल. मऊ कापड आवाज शोषून घेतं.

पंखा आणि कूलर बंद करा. हो, चंद्रपूरच्या मे महिन्यात हे अवघडच! म्हणून पहाटेची वेळ निवडा. कवेलूंच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर तो थांबेपर्यंत दम धरा. मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका, म्हणजे मधेच कुणाचा फोन येणार नाही. रेकॉर्डिंगला नेटवर्क लागतच नाही. त्यामुळे टॉवर नसलेल्या गावातही हे जमतं.

मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. तोंडापासून अंतर एक वीतभर, पण अगदी समोर नको, किंचित बाजूला. का ते सांगू? हाताचा तळवा तोंडासमोर धरा आणि ‘फ’, ‘भ’ म्हणा. वारा लागला ना? तोच वारा माइकवर आदळला की ‘भप्’ असा आवाज येतो.

सुरू करताना आणि संपवताना पाच सेकंद गप्प बसा. एक कडवं घ्या, ऐका, अंतर कमी-जास्त करा. मग पूर्ण गाणं घ्या.

एकट्यानं दोघांचं गाणं!

रेला गाणं एकट्याचं नसतंच मुळी. हातात हात गुंफून, फेर धरून ते गातात. एकानं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यायची. मग एकट्यानं काय करायचं?

अमेरिकेत लेस पॉल नावाचे गिटारवादक होते. १९४८ साली त्यांची ‘लव्हर’ नावाची रेकॉर्ड निघाली. तिच्यात आठ गिटार ऐकू येतात आणि आठही त्यांनी एकट्यानं वाजवलेल्या! आधीची तबकडी वाजवत ठेवायची, तिच्या साथीनं नवं वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. हा सगळा उद्योग घरच्या गॅरेजमध्ये चाले.

तुम्हीही करून पाहा. एका मोबाइलवर पहिला आवाज घ्या. तो वाजवा, त्याच्याबरोबर दुसरा आवाज गा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. गंमत येईल! अर्थात फेरात नाचण्याची मजा त्यात नाही. ती अंगणातच.

नाव-गाव विसरू नका

गाण्याच्या आधी एवढं नक्की बोला : गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, भाषा, गाणं कुणाकडून शिकलात आणि ते केव्हा म्हणतात. अवघड शब्दांचे अर्थही सांगून ठेवा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला त्याचाच आधार होईल.

आणखी एक. काही गाणी ठरावीक सणाची, देवाची असतात. ती रेकॉर्ड करण्याआधी आणि कुणालाही पाठवण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा. गाणं त्यांचं आहे, परवानगीही त्यांचीच हवी.

पालकांनो, तुम्हालाही एक काम! मुलांच्या या रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा. मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो.

आणि मुलांनो, रेकॉर्डिंग झालं म्हणजे काम संपलं असं नाही हं. ते आजीला ऐकवा. ती नक्की कुठेतरी अडवेल, ‘‘असं नाही रे, ती ओळ अशी आहे,’’ म्हणेल आणि स्वतःच म्हणून दाखवेल. तेव्हा मोबाइल हाताशी ठेवा. खरं रेकॉर्डिंग तर तेच!