रायफल महागडी असून भागत नाही, गोळीही तिला मानवावी लागते! समजून घ्या ५० मीटर नेमबाजीचं गणित

तारीख होती १ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल सुरू होती. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत सातवा आला होता. फायनलमध्येही गुडघ्यावर बसून आणि झोपून मारायच्या गोळ्या संपल्या, तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. मग उभं राहून नेम धरायची वेळ आली आणि स्वप्नील वर सरकत गेला. शेवटी ४५१.४ गुण आणि गळ्यात ब्राँझ.

१९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक जिंकलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं.

तेव्हा अनेकांनी हा खेळ मोबाईलवर पहिल्यांदाच नीट पाहिला. आता समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालमध्ये एखाद्या पोराने किंवा पोरीने तो पाहिला आणि ठरवलं, आपल्यालाही हेच करायचं. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बंदूक केवढ्याला येते?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. या खेळात रायफल एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. गोळ्या मात्र रोज संपतात. आणि कोणती गोळी निवडली, यावर पदक ठरू शकतं.

दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं?

५० मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो फक्त १०.४ मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तिथे जाणारी गोळी ५.६ मिलिमीटरची. यालाच आपण पॉइंट टू-टू म्हणतो.

पात्रता फेरीत पूर्ण गुण मोजतात, पण फायनलमध्ये दशांशात. गोळी अगदी मध्यावर बसली तर १०.९. तिथून साधारण ०.८ मिलिमीटर सरकली की ०.१ गुण गेला.

पॅरिसला चीनच्या लिऊ युकुनने ४६३.६ गुणांसह सुवर्ण घेतलं, युक्रेनच्या सेरही कुलीशने ४६१.३ गुणांसह रौप्य. फरक २.३ गुणांचा, तोही ४५ गोळ्यांमध्ये मिळून. भागाकार केला तर एका गोळीमागे सरासरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर पडतं. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एवढंच होतं.

मग गोळीमुळे किती फरक पडतो?

गोळी सरळ रेषेत जाते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली यायला लागते. स्पर्धेतली पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती जवळपास १२ सेंटिमीटर खाली आलेली असते. साइट लावतानाच हा हिशेब धरलेला असतो, म्हणून गोळी मध्यावर बसते.

अडचण पुढे आहे. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक असेल, तर नुसत्या या घसरणीमुळे त्या टार्गेटवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वर-खाली लागू शकतात. म्हणजे ०.४ गुण. नेमबाजाने काहीही चूक केलेली नसते. श्वास रोखलेला, ट्रिगर अलगद दाबलेला, तरी गुण गेलेला!

त्यामुळे गोळी घेताना पाहायचं ते प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जाते का, हे. तिचा वेग जास्त असण्याचा इथे उपयोग नाही.

वेगवान गोळी का नको?

कारण आवाजाचा वेग. २० अंश तापमानाला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याहून वेगाने निघालेली पॉइंट टू-टूची गोळी वाटेतच मंदावते, आवाजाच्या वेगाखाली येते आणि त्या टप्प्यात ती डळमळू शकते. शिवाय बाजूने वारा असेल तर ही वेगवान गोळी उलट जास्त वाहत जाते, कारण हवेत तिचा वेग झपाट्याने कमी होतो. म्हणूनच स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोडी खाली ठेवलेली असतात.

वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून रेंजवर १० आणि ३० मीटरवर छोटे झेंडे लावतात. ते पाहून कधी गोळी मारायची आणि कधी थांबायचं, हे नेमबाज ठरवतो.

रायफल आणि गोळीची पत्रिका जुळवायची कशी?

एली, लापुआ, आरडब्ल्यूएस ही या गोळ्यांमधली मोठी नावं. पण 'यातली सर्वांत चांगली कोणती?' याला सरळ उत्तर नाही.

गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. थरथरताना नळीचं तोंड नेमकं कुठे असताना गोळी बाहेर पडते, यावर ती कुठे लागणार हे ठरतं. प्रत्येक नळीची थरथर वेगळी आणि आतून घडणही बारीकशी वेगळी. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळ्या गोळ्या मानवतात.

त्यात 'लॉट'चा मुद्दा येतो. एका वेळी तयार झालेल्या काडतुसांच्या खेपेला लॉट म्हणतात. डब्यावर त्याचा नंबर छापलेला असतो. डबा तोच, किंमत तीच, पण लॉट बदलला की निकालही बदलू शकतो.

म्हणून लॉट टेस्टिंग करतात. रायफलची नळी शिकंजात घट्ट आवळायची आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर मारायच्या. ज्या लॉटच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतील तो आपला. मोठ्या कंपन्यांची यासाठी युरोपात खास केंद्रं आहेत. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज आपली रायफल तिथे घेऊन जातात आणि जुळलेल्या लॉटची हजारो काडतुसं एकदम उचलतात.

गोळ्या घरी बनवता येत नाहीत का?

परदेशात ८००-९०० मीटरवर नेम धरणारे नेमबाज ते करतात. त्यांच्या काडतुसात ठिणगी पाडणारा भाग बुडाच्या मधोमध असतो आणि तो बदलता येतो. दारू किती भरायची, गोळी किती खोल बसवायची, हे ते आपल्या नळीप्रमाणे ठरवतात.

पॉइंट टू-टूमध्ये ठिणगी पाडणारं मिश्रण काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं. एकदा उडालं की पितळी पुंगळी निकामी. म्हणजे नेमबाजाच्या हातात गोळी बनवणं नाही, फक्त निवडणं आहे. आणि निवडायचं तर आधी वेगवेगळे लॉट हाताशी हवेत. त्यामुळे गावाकडच्या पोरांची अडचण टॅलेंटच्या आधी इथे सुरू होते.

साधा हिशेब करू. दिवसाला १०० गोळ्यांचा सराव आणि वर्षात २५० दिवस धरले, तर २५ हजार काडतुसं होतात. त्यासाठी परवाना लागतोच.

बाकीचं सामान कशासाठी?

पुरुषांच्या ५० मीटर स्पर्धेत सगळ्या जोडण्यांसह रायफलचं वजन ८ किलोपर्यंत चालतं. दुर्बीण लावता येत नाही. बारीक छिद्रातून पाहायची साइट असते. झोपून आणि गुडघ्यावर मारताना हाताला पट्टा चालतो, उभ्याने मारताना नाही. जाड जॅकेट शरीर स्थिर ठेवतं, पण त्याचं कापड २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि ते किती कडक आहे हेही यंत्राने तपासतात.

आणखी एक गोष्ट, तापमान. दारू उष्णतेप्रमाणे जळते, म्हणजे वेग बदलतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात उन्हात राहिलेल्या डब्यातली गोळी आणि सावलीतली गोळी सारखी वागेल याची खात्री नाही. डबा सावलीत ठेवायला पैसे लागत नाहीत, तेवढं तरी करता येतं.

मग वरवट बकालच्या पोरांनी सुरुवात कुठून करायची?

१० मीटर एअर रायफलपासून. इथे दारू नाही, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. भारतात पॉइंट १७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. वाऱ्याचा त्रास नको म्हणून हा खेळ बंद जागेत होतो. शाळेचा लांब हॉल, मागे भक्कम भिंत, गोळी अडवणारी पेटी आणि जाणता प्रशिक्षक असला की सराव सुरू होऊ शकतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला.

हा खेळ सोपा मात्र नाही. इथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आणि निवड इथेही आहेच. छर्रे ४.४९, ४.५० अशा मापात मिळतात, आपल्या नळीला कोणतं माप मानवतं ते मारून पाहावं लागतं. फरक इतकाच, की छर्रे काडतुसांपेक्षा खूप स्वस्त पडतात. त्यामुळे चुका करायला परवडतं.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. स्वप्नीलचे वडील शिक्षक, तो स्वतः राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि पुढे रेल्वेत टीसी झाला. कांबळवाडी काही वरवट बकालपेक्षा मोठं शहर नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी तालुक्याला रेंज मंजूर झाली की नुसत्या रायफली किती आल्या ते विचारून थांबू नका. वर्षभराच्या गोळ्यांची आणि त्या तपासून घ्यायची सोय आहे का, तेही विचारा. रायफल फोटोत दिसते, पण सराव चालतो तो गोळ्यांवर.