घर देताना, घर घेताना (भाग ६) : पंखा कोणाचा, झोपाळा कोणाचा?

मागच्या भागात आपण विसारापर्यंत आलो. भाव ठरला, खरेदीखताची तारीख ठरली. लाखांचं जमलं म्हणजे किरकोळ गोष्टी आपोआप जमतील, असं दोन्हीकडच्यांना वाटतं. मग ताब्याच्या दिवशी घेणारा दार उघडतो, तर छताला पंख्यांऐवजी वायरी लोंबत असतात आणि मोरीत गिझरच्या जागी चार भोकं. भावाची घासाघीस लोक विसरतात, गिझर काढून नेलेला विसरत नाहीत.

आपल्या जुन्या खरेदीखतांत यासाठी एक ठरलेली ओळ असे : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. पेशवाईतल्या इनामाच्या सनदांतही ती दिसते आणि दस्तलेखकांनी ती पुढे चालवली. विहीर, झाडं, लाकूड, दगड, अगदी पुरलेलं धनसुद्धा तिच्यात येतं. धनाचं लिहून मात्र उपयोग नाही. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर १८७८च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. त्या ओळीत गिझर, एसी आणि मॉड्युलर किचन नाही, आणि आजची भांडणं नेमकी त्यांचीच असतात.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ८ मध्ये घराबरोबर जाणाऱ्या वस्तूंची चक्क नावं आहेत : कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी असलेल्या इतर सगळ्या वस्तू. वेगळं ठरलं नसेल तर या सगळ्या घेणाऱ्याच्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तिथे कोरीव सागवानी दरवाजा, खांब, महिरपी यांनाच मोठी किंमत येते आणि जुन्या लाकडाला गिऱ्हाईक तयार असतं. विसार घेतल्यावर मालकाने दरवाजा परस्पर विकायचा म्हटलं, तर कलम ५५ आडवं येतं. करारापासून ताबा देईपर्यंत मिळकत शहाण्या मालकाप्रमाणे सांभाळणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

बाकीच्या वस्तूंसाठी न्यायालयं दोन प्रश्न विचारतात : वस्तू किती पक्की जोडली आहे, आणि कशासाठी जोडली आहे? इंग्लंडमधल्या १८७२च्या एका गाजलेल्या खटल्यात गिरणीच्या जमिनीला खिळ्यांनी ठोकलेले माग गिरणीचाच भाग ठरले. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. भिंतीतलं कपाट आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या घरासाठी असतात, त्या राहतात. टीव्ही भिंतीला स्क्रूने बसवला तरी तो घराचा होत नाही. पंखा, गिझर, एसी, इन्व्हर्टर मधेच लटकतात आणि भांडणही तिथेच लागतं. झोपाळ्याचं माझं मत विचाराल तर तुळईतले हुक घराचे, पितळी कड्या आणि पाट मालकाचे. पण हे माझं मत झालं. समोरच्याचं वेगळं असू शकतं, म्हणूनच ते आधी विचारावं.

देवांवरून सहसा कुणी भांडत नाही. टाक आणि मूर्ती घराण्याबरोबर जातात, अंगणातलं बांधीव वृंदावन राहतं. झाडांचं तसं नाही. विकण्याआधी अंगणातला साग तोडून लाकूड करू, असं मनात असेल तर थांबा. शहरी भागांसाठीच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःचं असलं तरी.

काही गोष्टी तर विकणाऱ्याच्या नसतातच. गॅसचं सिलिंडर अनामतीवर घेतलेलं असतं, मालकी कंपनीची. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. त्यामुळे 'पार्किंगचे वेगळे चार लाख' असं कुणी म्हणालं, तर सोसायटीने ती जागा कोणत्या कागदाने दिली, ते आधी पाहा. छतावरचं सोलर विकत घेतलंत, तर वीजजोडणीबरोबर नेट मीटरही आपल्या नावावर करून घ्यावं लागतं.

इंग्लंडमध्ये विकणारा एक छापील तक्ता भरून देतो. पडद्याच्या दांडीपासून बागेतल्या शेडपर्यंत काय राहणार, काय जाणार, यावर खुणा करायच्या. आपल्याकडे तसा तक्ता नाही, पण साठेखताला परिशिष्ट जोडायला कुणी अडवलेलं नाही. 'फर्निचरसह' हा एक शब्द लिहून भागत नाही. 'हॉलमधले दोन पंखे, मोरीतला पंधरा लिटरचा गिझर, बोअरची मोटर' असं लिहा, कंपनीच्या नावासकट. फर्निचरची किंमत वेगळी दाखवायची तर खरी दाखवा. मुद्रांक वाचवण्यासाठी ती फुगवण्यात अर्थ नाही. शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, आणि बँक सोफ्यावर गृहकर्ज देत नाही.

विसाराचा धनादेश लिहिण्याआधी दोघांनी मिळून घरातून एक फेरी मारा, मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. ताबा पावती करताना हीच यादी लागणार आहे. त्या पावतीबद्दल पुढच्या भागात.