कोंबड्यांची टोचाटोची आणि खुडूकपणा

रायपूरच्या आसपासच्या भाताच्या प्रदेशात घरामागील परसाला बाडी म्हणतात. भाजीपाल्याच्या वाफ्यांशेजारी अशा बाडीत दहापंधरा कोंबड्यांचे खुराडे पुष्कळदा आढळते. एवढा लहान कळप बाळगणाऱ्या कुटुंबाला दोन अडचणी वारंवार येतात. पहिली अशी की, एखाद्या दुबळ्या कोंबडीला इतर कोंबड्या टोचून रक्तबंबाळ करतात. दुसरी अशी की, नियमाने अंडी घालणारी कोंबडी अकस्मात खुडूक होते व जागेवरून हलेनाशी होते. या दोन्ही गोष्टींना खोड समजून कोंबडीला शिक्षा करण्याची रीत आहे. वस्तुतः त्या उपजत प्रवृत्ती होत. शिक्षेने त्या जात नाहीत; परंतु त्यांची कारणे जाणून व्यवस्था बदलल्यास हानी टळते, आणि खुडूकपणापासून तर लाभही करून घेता येतो.

टोचण्याचा क्रम

पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज असलेली तांबडी रानकोंबडी बस्तरच्या अरण्यात आजही आढळते. ती लहान टोळ्यांनी राहते आणि टोळीत प्रत्येकीचे स्थान ठरलेले असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ टॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले होते. कळपात कोणी कोणाला टोचावे याचा एक क्रम असतो, हा त्यांचा निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या स्थानावरील कोंबडी खालचीला टोचते, खालची मात्र उलट टोचत नाही. हा क्रम एकदा ठरला की भांडणे कमी होतात. नुसती मान उंचावली तरी दुसरी बाजूला सरते. म्हणजे थोडी टोचाटोची ही कळपातील शांततेची किंमतच होय.

हा क्रम ओळखीवर अवलंबून असतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात. त्यामुळे नवी कोंबडी आणली किंवा जुनी कोंबडी काही आठवडे दूर ठेवून परत सोडली, की क्रम पुन्हा ठरू लागतो व मारामारी होते. जातीनुसारही फरक पडतो. छत्तीसगड, ओडिशा व आंध्र प्रदेश या भागांतील असील ही जात झुंजार म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे दोन वयस्क कोंबडे एका खुराड्यात सुखाने नांदत नाहीत.

जखम कोठे आहे, हे पाहिल्यास कारणाचा अंदाज येतो. डोक्यावर व तुऱ्यावर जखमा असतील, तर तो बहुधा स्थानाचा झगडा असतो. शेपटीजवळची किंवा पाठीवरची पिसे उपटलेली असतील, तर दाटी, अतिशय प्रखर उजेड, उवा-पिसवा अथवा निकस आहार यांचा संशय घ्यावा. पाठीवरची पिसे कोंबड्याच्या वारंवार चढण्यानेही झडतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. भाताच्या प्रदेशात आहाराचे कारण विशेष महत्त्वाचे ठरते. कणी व कोंडा घरचाच असल्याने कोंबड्यांना तोच मिळतो. परंतु त्यात प्रथिने अपुरी असतात आणि पिसे तर प्रथिनांचीच बनलेली असतात. शेंगदाण्याची पेंड, सुकी मासळी किंवा वाळवी यांची जोड दिल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

जखमी कोंबडीला प्रथम वेगळे करावे, कारण रक्ताचा लाल रंग दिसताच इतर कोंबड्याही टोचू लागतात. जखम धुऊन ती पूर्ण भरेपर्यंत तिला जाळीआड, परंतु कळपाच्या दृष्टीसमोर ठेवावे. त्यायोगे तिची ओळख टिकते. दाणा व पाणी एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी दूरदूर ठेवावे, म्हणजे बलवान कोंबडीला सर्व जागा अडविता येत नाहीत. एखादे डालगे किंवा काटक्यांचा भारा मध्ये ठेवल्यास दुबळीला आडोसा मिळतो. एकच कोंबडी सतत छळ करीत असेल, तर छळल्या जाणारीला नव्हे, त्या दांडगीलाच काही दिवस बाहेर काढावे; परत आल्यावर तिचे वर्चस्व पुष्कळदा कमी झालेले असते. नव्या कोंबड्या एकेक न आणता दोन-तीन मिळून आणाव्यात व आठवडाभर जाळीपलीकडे ठेवून मग सोडाव्यात.

खुडूकपणाचे कारण

काही अंडी घालून झाली की देशी कोंबडी ती उबविण्यास बसते. त्या वेळी ती पिसे फुलविते, गुरगुरते, हात लावल्यास चावा घेते आणि दिवसातून एक-दोनदाच दाण्यापाण्यासाठी उठते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक याच्या मुळाशी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनी प्रोलॅक्टिन टोचून कोंबड्यांना खुडूक करून दाखविले. पोटाला लागणारा अंड्यांचा स्पर्श, घरट्याची ऊब व काळोख यांनी हा स्राव टिकून राहतो. आणि तो आहे तोवर अंडाशय आक्रसलेले राहून अंडी घालणे बंद असते.

अशा कोंबडीला पाण्यात बुडविणे किंवा तिच्या नाकपुडीत पीस घालणे हे जुने उपाय क्रूर आहेत. खरा उपाय साधा आहे. खालून वारा खेळेल अशा, जाळीच्या अथवा बांबूच्या पट्ट्यांच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस उजेडात ठेवावे आणि दाणापाणी पूर्ण द्यावे. पोटाखालची ऊब नाहीशी झाली की स्राव घटतो व काही दिवसांनी ती पुन्हा अंडी घालू लागते. हा उपाय जितक्या लवकर करावा तितका गुण लवकर येतो.

केव्हा बसवावे, केव्हा नाही

प्रत्येक खुडूक कोंबडीला उठविणे मात्र शहाणपणाचे नाही. हैदराबादच्या संशोधन संस्थेत विकसित केलेली वनराजा ही जात अंडी पुष्कळ देते, परंतु सहसा खुडूक होत नाही. देशी कोंबडी तिची अंडीही उबविते. विजेवाचून चालणारे हे उबवणी यंत्र गरीब घराला फुकट मिळते. तिच्या अंगाच्या मानाने दहा-बारा अंडी पुरे होतात व २१ दिवसांनी पिले निघतात.

ऋतूचा विचार मात्र अवश्य करावा. रायपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. साठविलेल्या अंड्यांतील गर्भ अशा उष्णतेत अवेळी वाढू लागून मरतो, आणि दाणापाणी कमी घेणारी कोंबडीही क्षीण होते. म्हणून उन्हाळ्यात खुडूक कोंबडी उठवावी व हिवाळ्यात बसवावी, हा नियम सोयीचा पडतो.

येथे दोन्ही अडचणी एकत्र येतात. उबवणीस बसलेल्या कोंबडीच्या घरट्यात इतर कोंबड्या शिरून अंडी घालतात, भांडतात व अंडी फोडतात; म्हणून तिला वेगळी जागा द्यावी. ती जागा पूर्ण आड असेल, तर तीन आठवड्यांनंतर कळप तिला परकी मानून टोचू लागतो. तेव्हा तिच्या व कळपाच्या मध्ये भिंत न घालता जाळी असावी. एका जाळीच्या खर्चात पिलेही निघतात आणि त्यांच्या आईचे कळपातील स्थानही बऱ्याच अंशी शाबूत राहते.