डांबरगोळीची भावंडे

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतला शालू बाहेर निघाला आणि त्याबरोबर चार डांबरगोळ्या घरंगळत आल्या. मुलांच्या हाती ते विष नको म्हणून मी त्या उचलतो आहे, तोच धाकटीने विचारले, "बाबा, एवढ्या पांढऱ्या गोळीत डांबर कुठे आहे?"

रसायनशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला असे विचारू नये!

कोळसा हवेवाचून भट्टीत तापवून कोक करतात, तेव्हा टनामागे ३० ते ४० किलो डांबर निघते. ध्यान दिसायला काळेकुट्ट. पण कार्बोलिक, नॅप्थलीन, क्विनोलीन, इतकेच काय, मोगऱ्याच्या सुगंधात असणारे इंडोलसुद्धा, अशी शेकडो मंडळी त्याच्या पोटात नांदतात. त्यांच्या वाटण्या करणे हीच खरी डोकेदुखी. आपली डांबरगोळी, म्हणजे नॅप्थलीन, २१८ अंशांवर उकळते. ते त्यातल्या त्यात सुटते. पण क्विनोलीन उकळते २३७ अंशांवर, तर मिथिल नॅप्थलीन २४१ वर. एक उठले की दुसरे पाठोपाठ आलेच! मग तेल गंधकाम्लाने धुवा, पुन्हा अल्कली घाला. आणि उरलेले खारट सांडपाणी कुणाच्या दारी ओतायचे?

एस्सो कंपनीतले संशोधक नॉर्मन ली यांनी तेले वेगळी करण्याची एक निराळीच युक्ती काढली. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. पडदा, पण चक्क पाण्याचा! तेलाचे बारीक थेंब पाण्याच्या पातळ वेष्टनात गुंडाळायचे आणि दुसऱ्या, हलक्या तेलात सोडायचे. क्विनोलीन लिटरभर पाण्यात सुमारे ६ ग्रॅम विरघळते. मिथिल नॅप्थलीन अवघे २५-३० मिलिग्रॅम. साहजिकच पहिले पडदा ओलांडून पलीकडे जाते, दुसरे उंबऱ्यातच अडखळते. जपानी संशोधकांनी डांबराच्या तेलावर हे करून पाहिले. आम्लाचा थेंबही नको!

खोट एकच. पडदा मध्येच फाटला तर सारे मुसळ केरात. आणि फार चिवट केला तर काम झाल्यावरही फुटता फुटत नाही. म्हणून कारखान्यांची भिस्त अजून ऊर्ध्वपातनावरच आहे.

पडदा टिकावा म्हणून लींनी पाण्यात घातले होते सॅपोनिन. म्हणजे आपल्या रिठ्याला ज्याने फेस येतो तेच! धाकटीला दाखवावे म्हणून मी स्वयंपाकघरातले रिठ्याचे पाणी बाटलीत घेतले, त्यात गोडेतेल ओतले आणि हलवू लागलो. दुधासारखे पांढरे होत आले, इतक्यात मागून आवाज आला,

"अहो, ते रिठे मी शालूसाठी भिजत घातले होते!"