जेल बॅटरीची मर्यादा
नौका लाटांवर कलंडली तरी सिलिकेने घट्ट केलेले आम्ल सांडत नाही, म्हणून जेल बॅटरी सागरी प्रवासास अनुकूल खरी. परंतु सौर चार्ज कंट्रोलरवर तिच्यासाठी मुक्रर केलेला व्होल्टेज ओलांडला, की आत उत्पन्न होणारे वायूचे बुडबुडे त्या द्रव्यात कायमच्या पोकळ्या पाडतात, आणि वरून पाणी घालण्याची सोय नसल्याने ही हानी भरून निघत नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीस 25 अंश सेल्सिअसला चार्ज करताना साधारणतः 14.1 ते 14.4 व्होल्ट, व पूर्ण भरल्यावर फ्लोटसाठी 13.5 ते 13.8 व्होल्ट पुरतात; इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणे, सक्त बंद ठेवावे. तापमान 35 अंशांवर गेल्यास ही मर्यादा सुमारे पाव व्होल्टने उतरवावी लागते. म्हणून कंट्रोलरचा तापमान-सेन्सर बॅटरीलाच लावावा. निर्मात्याचे आकडे भिन्न असल्यास तेच प्रमाण मानावेत.