बेचाळीस किलोमीटर आणि तीस रोजे

मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. जिंकणारे हे अंतर दोन-सव्वादोन तासांत कापतात. हौशी धावपटूला चार, पाच, कधी सहा तासही लागतात. बँकेत, शाळेत, दुकानात दिवस घालवणारा हा माणूस बक्षिसासाठी धावत नाही. स्वतःशी ठरवलेलं तडीस जातं का, एवढंच त्याला पाहायचं असतं. रोजेदाराला ही भावना अनोळखी नाही.

मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली आणि सहसा जानेवारीत होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून अंधारातच धावणं सुरू होतं. पहिले वीस किलोमीटर उत्साहात जातात. तिसाव्याच्या आसपास शरीरातला साखरेचा साठा संपत येतो, पाय शिशाचे होतात आणि त्यानंतर पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. तिथे कामी येतात ती रस्त्याकडेची माणसं. कुणी संत्र्याच्या फोडी पुढे करतं, कुणी बिस्किटं, कुणी चिमूटभर मीठ. नाव-गाव कुणी विचारत नाही.

रमजानमध्ये मात्र सरावाचं गणितच बदलतं. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही नाही, त्यामुळे लांब पल्ला बंद. काहीजण इफ्तारच्या अर्धा तास आधी सावकाश धावतात. थांबलं की खजूर आणि पाणी हाताशी असतं. काहीजण रात्रीच्या तरावीहच्या नमाजनंतर बूट चढवतात. वेग सोडायचा, सवय सोडायची नाही. चक्कर आली तर मुकाट्यानं थांबायचं.

खरा पेच पुढे आहे. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2029 च्या सुमारास तो जानेवारीत येईल आणि शर्यतीची सकाळ रोजाचीही असेल. आजारी आणि प्रवासी यांना रोजा नंतर करण्याची सवलत कुराणात आहे. हौसेची शर्यत तिच्यात बसते, असं सहसा मानलं जात नाही. 2012 चं लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच झालं, तेव्हा काही मुस्लिम खेळाडूंनी रोजे ठेवले, काहींनी पुढे ढकलले. पण ती संधी चार वर्षांनी येणारी होती. हौशी धावपटूची शर्यत पुढच्या जानेवारीतही असते. ज्याला मन आवरायचं म्हणून धावायचं आहे, त्याला एखादं वर्ष न धावणंही जमायला हवं. त्या सकाळी रोजा ठेवून तो पेडर रोडच्या चढावर उभा राहू शकतो, दमून येणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी द्यायला.