फरशीखालची ऊब, दाराखालची फट

या अंकाला कविता देते असं मी मंडळात सांगून बसले होते. पण गेले दोन महिने आमच्या घरात एका नकाशाशिवाय दुसरा विषयच नाही. घर बेळगावात नाही, इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ बांधलं जातंय. माझी मावशी लग्नानंतर मडगावची झाली आणि पुढे बऱ्याच गोवेकरांसारखी स्विंडनला गेली. तिथल्या भाड्याच्या घरात दर हिवाळ्यात भिंतींवर काळी बुरशी धरायची आणि तिच्या धाकट्याचा दमा उसळायचा. त्यामुळे नव्या घराबद्दल तिचं एकच म्हणणं: उबदार पाहिजे आणि कोरडं पाहिजे.

आजोबांनी आयुष्यभर मिस्त्रीकाम केलं. इंग्रजी येत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला नकाशा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. नकाशातलं 'स्क्रीड' म्हणजे आपला कोबा, हे मात्र मला त्यांच्याकडूनच कळलं.

"फरशी तापवतात? पाय भाजत नाहीत काय गं?"

नाही भाजत. भिंतीवरचा रेडिएटर लहान, म्हणून जुन्या घरांत त्यातलं पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावं लागतं. जमीन सगळ्या खोलीभर पसरलेली, त्यामुळे ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं. राहत्या खोलीत फरशीचा वरचा भाग २९ अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत. पाणी तापवायला हीट पंप असतो, म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो. पाणी जितकं कमी तापवायचं, तितकी वीज कमी. कल्पना जुनीच आहे. स्विंडनपासून जवळच बाथ इथल्या रोमन स्नानगृहात, जमीन ज्यांच्यावर उचलून धरली होती ते विटांचे बुटके खांब अजून बघायला मिळतात. त्यांच्यामधून गरम हवा खेळवायचे.

आता थर बघा. खाली काँक्रीट, त्यावर उष्णता जमिनीत मुरू नये म्हणून जाड फोमचे तक्ते, त्यावर १६ मिलिमीटरच्या प्लास्टिक नळ्या, वर कोबा. नळ्यांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर बारा चौरस मीटरच्या खोलीला ८० मीटर नळी लागते, तीही मध्ये कुठे जोड न देता. एका फेऱ्यात साधारण १०० मीटरपेक्षा जास्त नळी घालत नाहीत, नाहीतर पाणी नीट फिरत नाही. कोबा घालण्याआधी नळ्यांत दाब भरून गळती तपासतात आणि घालतानाही तो दाब कायम ठेवतात. एकदा कोबा पडला की चूक दुरुस्त करायची म्हणजे जमीन फोडायची. आजोबांना हे सगळं लगेच पटलं.

हवेचं मात्र पटेना. आमच्या कौलारू घरात हवा विचारून येत नाही. कौलांतून, खिडक्यांच्या फटींतून आपली येते. तिकडचं नवं घर ऊब राहावी म्हणून डब्यासारखं बंद करतात. मग श्वास, स्वयंपाक, आंघोळ, घरातच वाळत घातलेले कपडे यांची वाफ जाणार कुठे? थंड कोपऱ्यात पाणी होऊन बसते आणि तिथेच बुरशी धरते. म्हणजे नुसती ऊब दिली तर मावशीचा अर्धाच प्रश्न सुटतो. तिथल्या नियमाप्रमाणे तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला निदान ३१ लिटर ताजी हवा हवी. त्यासाठी माळ्यावर एक यंत्र बसणार आहे. ते स्वयंपाकघर आणि बाथरूममधली दमट हवा ओढतं आणि बेडरूममध्ये बाहेरची हवा सोडतं. आत दोन्ही हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. मिसळत नाहीत, पण जाणारी हवा आपली ऊब येणारीला देऊन जाते.

"बेडरूमचं दार लावलं की ती हवा बाथरूमपर्यंत जाणार कशी?" आजोबांनी विचारलं.

दाराखालून. तयार जमीन आणि दार यांमध्ये १० मिलिमीटर फट ठेवायची असा नियमच आहे. आमच्याकडे झुरळं येतात म्हणून ती फट बुजवतात, तिकडे थंडी वाजते म्हणून मावशी जुन्या घरात तिथे टॉवेल कोंबायची!

आजोबांनी चष्मा पुसला. "कोब्यावर काय घालणार?"

लाकडी पट्ट्या, १४ मिलिमीटरच्या. आणि नकाशात दार कोब्यापासून १५ मिलिमीटर वर दाखवलं होतं. उरला एक मिलिमीटर. नळ्या काढणाऱ्याने नळ्या बघितल्या, यंत्रवाल्याने यंत्र बघितलं; दोन्ही कागद एकावर एक ठेवून कोणी बघितलेच नव्हते. इतकं महाग यंत्र बसलं असतं आणि पोराच्या खोलीतली हवा तिथेच कोंडून राहिली असती.

मी त्याच रात्री मावशीला फोन केला. कोबा घालायला अजून आठ दिवस आहेत, तोवर दारांची मापं बदलून मिळतील असं ती म्हणते. आजोबांनी तिला आणखी एक काम दिलंय: कोबा पडण्याआधी प्रत्येक खोलीतल्या नळ्यांचे फोटो काढायचे, शेजारी टेप धरून. पुढे कधी कोणी जमिनीत भोक पाडायला आलं तर नळी कुठे आहे ते कळायला नको काय?